शालूचं काय करायचं

“मॅडम, शालूचं रक्त आलंय!” बाहेरच्या काउंटरवरून तेजस्वी ओरडली आणि वर्षाराणीच्या हातातली काचपट्टी सटकून बेसिनमध्ये पडली, फुटली. तेजस्वी मूळची ओरडकी. हळू बोलणं म्हणजे काहीतरी चोरून करणं असं तिला वाटतं. राजारामपुरीतल्या त्या दोन गाळ्यांच्या लॅबमध्ये जनावरांचं रक्त, दूध, शेण तपासतात, आणि दिवसभर तिच्या तोंडून अशाच आरोळ्या निघत असतात: चंद्रीचं रक्त आलं, टायगरचं शेण आलं, बाळासोंच्या म्हशीचं दूध राहिलं. त्यात वावगं काही नव्हतं. पण शालू आजवर कधी आली नव्हती. वर्षाराणीची मान दाराकडं गर्रकन वळली होती. नुसती मान नाही, आख्खं अंग वळलं होतं, शाळेच्या वाटेवर मागून कुणी हाक मारल्यावर वळावं तसं. दारात कुणी नव्हतं. “ठेव तिथंच, आले मी,” ती म्हणाली. आवाज रोजचाच निघाला, धुतलेला, इस्त्री केलेला. इतक्या वर्षांत तिच्या तोंडानं तिला एकदाही दगा दिला नव्हता. आज अंगानं दिला होता आणि तोंड मात्र आपल्या जागी शहाण्यासारखं बसून राहिलं होतं.

जांभळ्या टोपणाची नळी. तिच्यावरच्या पट्टीवर शिरोळच्या जनावरांच्या डॉक्टरचं गिचमिड अक्षर: शालू, घोडी, वय नऊ, ताप येतो-जातो, पाय सुजतात. खाली मालकाचं नाव, जरीना मीरासाब. वर्षाराणीनं ते परत वाचलं. मग नळी मुठीत धरली. बर्फाच्या डब्यातून आलेली, गारढोण. तिला हसू आलं. अगं बाई! घोडीला माझं नाव! पहिला विचार रागाचा होता, खोटं कशाला बोला. दुसरा आला तो मात्र जागचा हलेना. जरीनानं हे नाव माझ्यावरून ठेवलंय, का असंच आपलं? कारण मीरासाबकडची घोडी म्हणजे वरातीची घोडी. अंगावर कलाबतूची झूल, कपाळावर आरसे, पाठीवर नवरदेव. तसल्या घोडीला शालू म्हणणं ही साधी सरळ गोष्ट झाली. नवरीच्या अंगावर असतो तो शालू. शालन नावाच्या पोरीला सगळं गाव शालू म्हणायचं, तिचा ह्यात काय संबंध? काही नसेल. पण असावा, असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की उभं राहवेना आणि ती स्टुलावर टेकली.

शिरोळात, माहेरी, तिची आणि जरीनाची घरं एका भिंतीची. भिंतीला मध्ये एक कोनाडा होता, तो आरपार होता, म्हणजे मुळात तो दोन बाजूंनी पाडलेला एकच कोनाडा असावा. त्यातून भाकरी इकडची तिकडं जायची आणि तिकडचं खारं वांगं इकडं यायचं. मीरासाबचाचांचा तबेला मागच्या अंगाला. आधी टांगा होता, टांगे बंद पडले तशी त्यांनी वरातीची घोडी पाळली. तिच्या घामाचा, ओल्या गवताचा आणि कडू तेलाचा मिळून जो वास व्हायचा तो शालूच्या परकराला कायम असायचा, आणि आई म्हणायची, ह्या पोरीला कुणी करून घेणार न्हाय, जवळ बसलं की तबेल्यात बसल्यागत वाटतंय. घोडी बुजली की मीरासाबचाचा ओरडत नसत, ओढत नसत. तिच्या कानाशी तोंड नेऊन एकच वाक्य म्हणत, जन्मभर तेच एक वाक्य: “पावणं न्हाय गं बाय, घरचंच हाय, घरचंच.” आणि घोडी खरंच निवायची. कान पुढं व्हायचे, पाय जमिनीला लागायचे. दोघी पोरींनी ते वाक्य उचललं आणि जिथं तिथं वापरलं. अंधारात पायात आलेल्या मांजराला. पुराचं पाणी ओसरल्यावर माळ्यावरून खाली यायला तयार नसलेल्या कोंबडीला. जरीनाला तिच्या अम्मीनं मार दिला की शालू कोनाड्यात तोंड घालून म्हणायची, पावणं न्हाय गं, घरचंच हाय, आणि पलीकडून रडता रडता हसण्याचा आवाज यायचा.

शालूच्या लग्नात नवरदेवासाठी घोडी मीरासाबचाचांचीच होती, आणि पाठराखीण म्हणून कोण जाणार ह्यावर घरात चर्चा चालू असताना जरीना पिशवी भरून येऊन गाडीत बसली होती. तिला उतर म्हणायची कुणाची छाती? राजारामपुरीतलं सासरचं घर, फरशी गुळगुळीत, ट्यूबलाइटचा उजेड, बायकांची दाटी. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं, धैर्यशीलनं, अंगठीनं त्यात नाव लिहिलं. वर्षाराणी. सासूबाई शाळेत मराठी शिकवायच्या, नाव त्यांनीच काढलं होतं, आणि शालन फार जुनाट वाटतं, नाही का, असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या होत्या. बायकांनी माना वाकवून ताट वाचलं, छान आहे, छान आहे म्हणाल्या, पेढे वाटायला सुरुवात झाली. आणि त्या गलक्यात जरीनाचा खणखणीत आवाज आला: “आन् शालूचं काय करायचं?” सगळ्या हसल्या. नवरीसुद्धा हसली, अंगावरचा शालू जड, पोटात सकाळपासून अन्न नाही, हसू आलं की बरं वाटत होतं. जरीना पुढं आणखी काहीतरी म्हणाली होती. काय म्हणाली, ते त्या हशात बुडालं. पुढं वर्षाराणीनं ते कितीदा आठवून बघितलं, तिचे हलणारे ओठ दिसायचे, नाकातली चमकी दिसायची, शब्द मात्र ऐकू यायचे नाहीत. मग सासूबाईंनी ताट उचललं आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले.

सासर वाईट होतं असं म्हणायची सोय नाही, तीच तर पंचाईत. छळ असता तर माणूस काही जपून ठेवतं, हट्टानं ठेवतं. इथं सगळं मायेनं झालं. “आपल्याकडं हाय म्हणत नाहीत हं वर्षा, आहे म्हणायचं.” “मी जातो काय गं, तू काय पुरुष आहेस? मी जाते म्हण.” शिरोळात बायकापोरी सगळ्या मी जातो, मी आलोच म्हणत, त्यात पुरुषी काय आहे हे तिला तिथं असेतो कळलंच नव्हतं. राजारामपुरीत कळलं, आणि लाज वाटली, आणि तिनं भराभर सगळं बदललं. त्यांनीच तिला शिकवलं, सायन्सला घातलं, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. होईपर्यंत मुलगा सासूबाईंनी सांभाळला. प्रत्येक प्रमाणपत्रावर नाव वर्षाराणी. माहेरी जायची, तिथंही पहिले दोन दिवस आहे-नाही निघायचं आणि ‘हाय’वर गाडी यायच्या आत परतायची वेळ व्हायची. जरीनाचं लग्न होऊन ती निपाणीकडं गेली. तिचं नाव मात्र जरीनाच राहिलं, बदलायची पद्धतच नव्हती त्यांच्यात. आई गेली, वडील गेले, भावानं घर विकलं. माहेर एकदा गेलं की मग नीटच गेलं, भांडण नाही की तंटा नाही, कुणाला दोष द्यावा तर कुणीच सापडत नाही. शालू अशी कुणी होती ह्याला आता फक्त तिच्या डोक्यातला पुरावा, आणि डोक्याचं काय खरं.

तिनं काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला, वाळवला, रंग चढवला, धुतला. भिंगाखाली बघायला बसली. तांबड्या पेशी फिक्या आणि विरळ पडल्या होत्या, घोडीच्या अंगात रक्त कमी झालं होतं एवढं स्पष्ट होतं. पण ज्या जंतूला ती शोधत होती तो कुठं नव्हता. ही पट्टी, ती पट्टी. नाही. ताप येतो-जातो, पाय सुजतात, दिवाळीच्या आधी गोमाश्यांचा सुळसुळाट होऊन गेलेला. तिला जवळजवळ खात्री होती की हा सर्रा आहे, गोमाश्यांच्या चावण्यातून रक्तात शिरणाऱ्या जंतूचा ताप. आणि सर्र्याला ती जितकी ओळखत होती तितकं कुणाला ओळखत नसेल. शरीर रक्तात आलेल्या प्रत्येकाला हात लावून बघतं: पावणं का घरचं? वर्गात शिकत असताना हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती बाकावर एकटीच हसली होती. पावणं निघालं की शरीर त्याच्या अंगावरच्या कपड्याचं माप घेतं आणि बरोबर त्याच मापाची हत्यारं घडवतं, प्रतिपिंडं म्हणतात ती. म्हणून रक्तात शिरणारे बहुतेक जंतू आधी लपायचं बघतात. मलेरियाचा तांबड्या पेशीच्या पोटात दडतो. गोचीड तापाचा तर पांढऱ्या पेशीत, म्हणजे पोलीस चौकीतच, बिऱ्हाड करतो. सर्र्याचा मात्र लपत नाही. भर रक्तात उघडा वळवळत फिरतो. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट अंगरखा असतो, आतलं काहीएक दिसू न देणारा. शरीर त्या अंगरख्यावर हत्यारं घडवतं, जंतूंची कत्तल होते, ताप उतरतो, मालक म्हणतो सुटलो बाबा. तोवर त्यातल्या चार-दोघांनी अंगरखा बदललेला असतो. असे शेकडो अंगरखे त्याच्यापाशी घडी घालून ठेवलेले असतात. हत्यारं नव्याच्या शेजारून जातात, ओळखत नाहीत. नवा वाढतो, पुन्हा ताप, पुन्हा हत्यारं, पुन्हा अंगरखा, आणि दर फेरीला घोडी थोडी थोडी रिकामी होत जाते.

इतकी वर्षं तिला ह्यात त्या जंतूची हुशारी दिसत आली होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच वाटायचा, आपल्यातलाच कुणीतरी पुढं गेल्यासारखा. आज भिंगावर डोळा ठेवून बसल्या बसल्या तिला दया आली ती हत्यारांची. जुन्या अंगरख्याचं माप हातात घेऊन ती रक्तभर हिंडत असतील. जो टाकून दिला, ज्याच्यावाचून जंतूचं काही अडलं नाही, त्याची आठवण धरून. आणि शरीर ती आठवण सोडत नाही, महिनेन् महिने ठेवतं. म्हणजे टाकलेल्या अंगरख्याला ओळखणारं कुणीतरी असतंच की. जंतूला नसेल त्याचं काही, तो बिचारा जगायच्या गडबडीत. पण माणसाला? मला ओळखणारं कोण आहे? आजूबाजूला सगळे वर्षाराणीला ओळखत होते, तिच्यावर जीव टाकत होते, आणि ती एका घोडीच्या नावाकडं बघत भिकाऱ्यासारखी बसली होती. एवढं एकच कळावं, बाकी काही नको. ते नाव माझं आहे का नाही.

रिपोर्टवर ‘जंतू आढळले नाहीत’ असं टाकून मोकळं होता आलं असतं. मग तिकडचा डॉक्टर दुसरंच काही औषध देणार आणि पुढच्या फेरीला घोडी जाणार. तिनं फोन लावला. नंबर पट्टीवरच होता.

“जरीना मीरासाब बोलताय का? मी राजारामपुरीच्या लॅबमधून बोलतेय.”

“व्हय, बोला की मॅडम. काय निघालं?” आवाज तोच, जाड, कडेला हसू चिकटलेला.

“काही आढळलं नाही.”

“मग ग्वाड बातमी दिलासा की!”

“नाही हो, तसं नाही. रक्त काढलं तेव्हा ताप होता का?”

“कुटला! डागदर सकाळचा आल्ता, तवा घोडी गार. ताप दुपारनं चढतोय आन् कोण बगाय येईस्तवर उतरतोय. तोंड चुकवल्यागत करतोय बगा. मागलं धड लटपटाय लागलंय तिचं. तुळशीची लग्नं झाली, आता वरातीवर वराती, आन् मला हिच्याबिगर कोण हाय? अब्बा गेलं, मालक गेलं.”

म्हणजे मीरासाबचाचा गेले. कधी? विचारायला तिचा काय अधिकार होता? लॅबच्या मॅडमनं असं विचारतात का? “ताप असताना रक्त बघावं लागेल,” ती म्हणाली. “मीच उद्या दुपारी येते, भिंग घेऊन.”

“तुमी? सोता? आवो, एवड्या लांब!”

“येते मी. आणि एक, हे शालू नाव… कशावरून ठेवलंय?” विचारून झालं आणि तिनं डोळे मिटले.

“नावाचं काय मॅडम,” जरीना हसली. “वरातीची घोडी न्हवं का? शोभतंय की.”

मिळालं उत्तर. झालं समाधान? शोभतंय की. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली, आणि तेजस्वीनं बाहेरून बाळासोंच्या म्हशीच्या दुधाचं काय म्हणून आरोळी दिली, तेव्हा ती तेजस्वीवर त्या दिवशी पहिल्यांदा रागावली. संध्याकाळी जेवताना धैर्यशीलला तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, घोडीचं नाव कुणी शालू ठेवेल का? “ठेवेल की,” तो आमटीत भाकरी कुस्करत म्हणाला, “उद्या पैठणीसुद्धा ठेवतील. का गं?” त्याच्या लक्षातही आलं नाही. आणि त्याचं तरी काय चुकलं, त्यानं शालन हेच नाव फक्त लग्नपत्रिकेत एकदा वाचलं असेल. तिला त्याचा राग आला नाही. रडू आलं, ते तिनं मिरचीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी गाडी सांगली रस्त्याला लागली. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून डुलत चालल्या होत्या, मागं राहून राहून जीव मेटाकुटीला आला. काचा बंद करून ती बोलून बघत होती. मी आलो. मी येतो की. हाय, न्हाय, व्हय. तोंडातून निघत होतं, पण गॅदरिंगमध्ये गावाकडच्या बाईचं काम करणाऱ्या शहरी पोरीसारखं. स्वतःचीच नक्कल, तीही वाईट. जयसिंगपूरच्या पुढं तिनं तो नाद सोडला. मी शालू, असं सरळ सांगून टाकायला काय हरकत होती? तेही तिनं तपासून बघितलं. सांगितल्यावर जरीना अगंबाई म्हणणारच, मिठी मारणारच. पण सांगून झालेली ओळख ती कसली ओळख? आणि समजा म्हणाली, कोण शालू? घोडीपुढं उभं राहून, ‘मी पण शालू’ म्हणायचं? हसं व्हायचं नुसतं. एवढ्या वयात असलं काय लागून राहिलंय आपल्याला, असं तिनं स्वतःला दरडावलं, आणि पायाखाली ऍक्सिलरेटर आणखी दाबला.

माहेरच्या घराच्या जागी मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं होतं. ती भिंत होती, कोनाड्याच्या जागी सिमेंटचा गिलावा. जरीना अंगणात आली. जाड झालेली, डोक्यावरून ओढणी, भिंगाचा चष्मा, नाकात चमकी तीच. तिनं वर्षाराणीकडं बघितलं, रंगवलेल्या केसांकडं, डोळ्यांवरच्या चष्म्याकडं, गाडीकडं, गळ्यातल्या नाजूक मंगळसूत्राकडं. वर्षाराणी जागच्या जागी उभी राहिली. बघ, मनात म्हणाली, नीट बघ. “या मॅडम,” जरीना म्हणाली, “घर घावलं न्हवं नीट? बसा, च्या ठेवतो.” आणि खुर्ची फडक्यानं पुसली. वर्षाराणी बसली नाही. ह्याच अंगणात दोघी मातीत लोळलेल्या. “चहा नको, आधी घोडी बघते,” ती म्हणाली, आणि ते ‘बघते’ तिच्या कानाला पहिल्यांदाच टोचलं.

घोडी पांढरी, उंच, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. झूल खुंटीला टांगलेली, आरसे उन्हात लुकलुकत होते. झुलीखाली एरवी ह्या फासळ्या कुणाला दिसल्या असत्या? मागचे पाय सुजलेले, डोळे ओले. अंगाला हात लावला तर तवा. वास तोच होता, घाम, ओलं गवत, कडू तेल. वर्षाराणीनं कापूस काढला, सुई काढली. कानाच्या कडेला बारीकशी टोचणी, एक थेंब, एवढंच काम. पण सुई दिसली मात्र, घोडीनं डोळे पांढरे केले, मान वर फेकली, पुढचे पाय उचलले. जरीना “ए, ए” करत दोर ओढायला धावली. वर्षाराणी मागं सरली नाही. कशी कोण जाणे, ती घोडीच्या मानेशी चिकटली होती, एक हात आयाळीत, तोंड कानाशी, आणि ती बोलत होती, हळू, भरभर, “पावणं न्हाय गं बाय, घरचंच हाय. घरचंच. बुजतीस कशाला? मीच हाय की.” घोडी थरथरली. फुरफुरली. मग कान पुढं आले आणि पाय जमिनीला लागले. वर्षाराणीनं सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली. हात जराही हलला नाही.

भिंग तिनं पाण्याच्या दगडी डोणीच्या काठावर मांडलं, त्याचा आरसा उन्हाकडं केला. आणि होतेच ते. तापलेल्या रक्तात, तांबड्या पेशींना ढुशा देत, शेपट्या मारत, एक, आणि तिकडं आणखी दोन, कडेला तर घोळकाच. काल एक नव्हता. आज नवा अंगरखा घालून सगळे रस्त्यावर आले होते, आणि त्यांना ओळखणारं अजून शरीरात कुणी नव्हतं. “हायत,” ती म्हणाली. “लई हायत. काय भ्यायचं न्हाय, ह्याच्यावर औषद हाय, आजच टोचून घेऊ. वाचतीया ती.” बोलून झाल्यावर काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मागं जरीनानं दोर खुंटीला बांधला.

“मॅडम,” जरीना म्हणाली. “मगाशी घोडीच्या कानात काय म्हणलासा?”

“कुठं काय.”

“त्ये आमच्या अब्बाचं बोलणं हाय. अब्बाला जाऊन लई वर्सं झाली. ह्या दुनियेत त्ये मला म्हाईत हाय, आन् आनखी एकीला.” ती जवळ आली. घोडीचे दात बघताना धरतात तशी तिनं वर्षाराणीची हनुवटी धरली, दुसऱ्या हातानं तिचा चष्मा काढला आणि उजेडाकडं तोंड वळवलं. बराच वेळ बघितलं. “तर ही वर्षाराणी आलीया,” ती म्हणाली. “मोठ्या घरची. आन् मी खुर्ची पुसाय लागलोय!”

“जरे,” वर्षाराणी म्हणाली. चष्म्याशिवाय जरीनाचं तोंड धुकट झालं होतं, त्या धुक्यात ती पंधरा वर्षांचीच दिसत होती. “मला वाटलं तू इसरलीस. घोडीचं नाव आपलं असंच. शोभतंय म्हणून.”

“येडी का खुळी तू? फोनवर पावण्या बाईला काय सांगायचं, माझं पुरान?” जरीनानं नाक ओढणीला पुसलं. “त्या ताटातलं नाव वाचलं, तवा मी काय म्हणलो?”

“शालूचं काय करायचं.”

“आन् फुडं?”

“फुडलं ऐकू आलं न्हाय गं. समदी हसली न्हवं का. इतकी वर्सं मी आठवतोय.”

“मी म्हणलो, तुमास्नी नको आसंल तर मी न्हेतो घरला. कुणी न्हाय म्हणलं न्हाय. मग न्हेली.” जरीना घोडीच्या मानेवर थोपटत होती. “ही तिसरी. पयली तुझ्या लगनाच्या दुसऱ्या साली आली, अब्बानंच नाव ठेवलं. घोड्या बदलत्यात, नाव त्येच. मी निपाणीस्नं परत आलो तवाबी दारात पयला त्योच शबुद कानावर आला. अब्बा म्हणायचा, पोरगी सासरी गेली म्हणून काय तिची हाक बंद करायची? तर रोज हाक मारतोय तुला. सकाळ, संध्याकाळ. आता तुला ऐकू ईना, त्याला मी काय करू?”

वर्षाराणी डोणीच्या काठावर बसली आणि तोंड झाकून रडली, मोठ्यानं, माणसं मेल्यावर शिरोळात रडतात तशी. दुकानातला मोबाईल दुरुस्त करणारा माणूस बाहेर येऊन बघून गेला. जरीनानं तिला गप्प केलं नाही. तिनं डोणीतनं घोडीसाठी बादली भरली, तबेल्याच्या पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली, तिथं सावली होती, चुलीवर चहाही तिथंच उकळत होता. मग कमरेवर हात ठेवून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात ती ओरडली, “ए शालू! ये की गं हिकडं!”

दोघींनीही मान वळवली.

“आलो,” ती म्हणाली.